सिस्टरांच्या नावे एक आवाज

नाशिक, १२ मार्च १९९८

आदरणीय सिस्टर सेराफिना,

सप्रेम जयभीम.

आपल्या शाळेत या आठवड्यात एक घोर अन्याय घडला आहे आणि तो तुमच्या कानावर घालणं मी माझं कर्तव्य समजते. शिक्षकखोलीतल्या बश्या जप्त झाल्या. कप बाहेर, बश्या कुलपात. मुख्याध्यापिका म्हणून तुमच्या जागी तात्पुरत्या बसलेल्या सिस्टर लुईझा म्हणाल्या, "उपवासकाळ आहे बाई, थोडं साधं राहू या." उपवासकाळात तुमच्यात मटण-कोंबडी सोडतात हे मला या शाळेत अर्धं आयुष्य काढून पाठ झालंय. पण बशीला पाप कधीपासून चिकटलं? चहा बशीत ओतून पिणं हा कष्टकरी माणसाचा हक्क आहे. घटनेत तसं कलम सापडलं नाही, पण इतकी उघड गोष्ट लिहायची कोणाला गरज वाटली नसेल. मधली सुट्टी एवढीशी, कप निखाऱ्यासारखा. मी तोंड पोळून घेते आणि पोळलेल्या तोंडानं तिसऱ्या तासाला कविता शिकवते. नुकसान कवितेचं होतं.

असो. तुमचं ऑपरेशन पार पडल्याचं प्रार्थनेच्या वेळी जाहीर झालं. टाळ्या वाजवू नयेत असं ठरलं होतं, त्या वाजल्या. लगेच सिस्टर लुईझांनी तुमच्यासाठी प्रार्थनांचा पुष्पगुच्छ काढला. तुम्हाला ही चाल माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे: प्रत्येकानं आजारी माणसासाठी इतक्या प्रार्थना केल्या, अमुक खाणं सोडलं, असं कार्डावर लिहायचं, भोवती फुलं काढायची, पाठवायचं. प्रश्न माझ्या चौथीचा होता. वर्गात ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर. बाकीचे विचारायला लागले, "बाई, आम्ही काय लिहू?" मी म्हटलं, सिस्टरांसाठी काहीतरी करा, नाहीतर काहीतरी सोडा.

झालं. सगळ्या वर्गानं नवस बोलून टाकले. "सिस्टर बऱ्या झाल्या तर मी राकेशच्या बुटाच्या नाड्या बाकाला बांधणार नाही." "सिस्टर बऱ्या झाल्या तर देवीच्या गडावर पायी जाईन, पप्पांनी मोटारसायकलवर नेलं नाही तर." म्हणजे गुच्छ सगळा उधारीवर आहे. आधी तुम्ही बऱ्या व्हायचं, मग फुलं.

मलाही लिहायला लावलं. म्हटलं, आमच्यात नवस नाही, उपास नाही. "मग एखादी सवय सोडा," सिस्टर लुईझा म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मी लिहिलं: आठवडाभर कोणाला टोचून बोलणार नाही. जिना उतरेपर्यंत टिकलं.

हसू येईल असं लिहितेय, पण पत्राचं कारण वेगळं आहे. साक्षी गांगुर्डे. आपली बडबडी. मागच्या संमेलनात वीज गेली तरी माइकशिवाय पूर्ण कविता म्हणून मोकळी झालेली. तिनं कार्डावर 'तर'बिर काही लिहिलं नाही. एकच ओळ: सिस्टरांच्या गळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून मी माझा आवाज सिस्टरांना दिला. सोमवारी हे लिहिलं, आणि सोमवारपासून पोरगी बोललेली नाही. घरी नाही, शाळेत नाही. हजेरीला हात वर करते.

मला वाटलं, होळीच्या आत फुटेल. होळी आज आहे. तुम्ही फोनवर तिच्याशी दोन शब्द बोललात तर मिटेल. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा आहे. आणि निकालाच्या दिवशी तुम्ही याल ना? पायरीवर उभं राहून एकेकाला हाक मारून त्याची एकेक चांगली गोष्ट सांगायची, हे दुसऱ्या कोणाला जमणार? मला तर अजिबातच नाही. मला चांगल्या गोष्टी उशिरा दिसतात.

तुमची,
ललिता साळवे


पुणे, १८ मार्च

प्रिय ललिताबाई,

प्रभूची शांती तुमच्यासोबत असो. बशी नसेल तर शांती तरी असू द्या.

पुष्पगुच्छ पोचला. आमच्या या घरात सगळ्या आजारी नाहीतर म्हाताऱ्या सिस्टर. जेवणाच्या टेबलावर एकीनं तो मोठ्यानं वाचला. मी हसले, टाके रागावले. सिस्टर बर्नार्ड नव्वदीच्या आहेत, त्यांनी विचारलं, "नाड्या बांधणारा तो मुलगा कोण? त्याला सांगा, तू बांध. वर्गात काहीतरी चालू असावं."

मी बरी आहे. डॉक्टर खूश आहेत, म्हणजे स्वतःवर. सकाळी बागेत फेऱ्या मारते. पेज पिते. तुमच्या 'टोचून बोलणार नाही'वर मी पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं, देवानं ते बघितलं असेल.

साक्षीबद्दलच्या ओळी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तिला सांगा, सिस्टर बऱ्या आहेत, जेवतात, हिंडतात. तिचं देणं पोचलं. आता तिनं बोलावं, मला खूप बरं वाटेल. फोनचं जमणार नाही. इथला फोन मदर सुपिरिअरच्या खोलीत असतो, तुमच्या बश्यांसारखा. सिस्टर लुईझांवर फार रागावू नका. त्यांच्या वयात मीही फार कुलपं लावत असे.

निकालाचं अजून ठरलेलं नाही. कळवीन.

तुमची,
सि. सेराफिना


नाशिक, २४ मार्च

आदरणीय सिस्टर,

जयभीम.

तुमचा निरोप साक्षीला शब्दशः सांगितला. तिनं पाटी घेतली आणि लिहिलं: 'सिस्टर बोलतात का?' मी म्हटलं, अगं, जेवतात, हिंडतात. तिनं पाटी पुसली आणि तेच पुन्हा लिहिलं. मी म्हटलं, बोलत असतीलच ना, गप्प बसणारी बाई आहे का ती? तिनं पाटी माझ्यासमोर तशीच धरून ठेवली. हे पोर पुढे वकील होईल, जर तोंड उघडलं तर.

रंगपंचमीला मुलांनी तिला पिंपातल्या पाण्यात बुचकळून काढलं. बाहेर आली, नाकातोंडातून रंग, आणि एक किंकाळी नाही. तेव्हा पोरंच घाबरली. मयूर रडायला लागला. आता वर्गात तिच्याशी सगळे हळू बोलतात, दवाखान्यात आल्यासारखे. वर्ग शांत असावा म्हणून मी आयुष्यभर फळ्यावर डस्टर आपटलं. आता शांतता मिळाली तर अंगावर काटा येतो. घरी जाऊन मी मुद्दाम रेडिओ लावते.

काल तिची आजी, झुंबरबाई, शाळेत आली. वडील धनराज इथल्या द्वारका चौकातून टेम्पो चालवतात, पहाटे जातात, म्हणून घरचा कारभार आजीचा. वर्गाच्या दारातूनच सुरू झाली.

"बाई, पोरगी बोलंना म्हून दृष्ट काढली, मीठमिरच्या जाळल्या, गडावरच्या देवीचा अंगारा लावला. आता कळतंय का नवस हाय. मंग माझ्या मिरच्या फुकट ना?"

"आजी, ती नऊ वर्षांची आहे. तिला काय कळतं नवसातलं? तुम्ही दटावा, बोलेल."

"देवाला काय जल्माचा दाखला दाखवायचा? आन् म्या दटावू? उद्या पोरगी बोलली आन् तिकडं सिस्टरला काय झालं, तर ते जल्मभर कुनाच्या उरावर बसंल? माझ्या नातीच्या." मग जरा पुढे झुकून म्हणाली, "नवस कागदावर कुनी लिवून घेतला, बाई?"

मी चष्मा पुसला. 

"त्या सिस्टरला म्हना, एक शबुद बोला. एकच. पोरगी सुटती."

सिस्टर, मलाही तेच म्हणायचंय. सिस्टर लुईझांनी सांगून टाकलंय, तोंडी परीक्षेत जे बोलणार नाही त्याला शून्य, नियम सगळ्यांना सारखा. तोंडीला शून्य म्हणजे साक्षी चौथीतच बसणार. मी शनिवारी, चार तारखेला, दुपारी चार वाजता तिला घेऊन द्वारकेच्या बूथवर जाते आणि तुमच्या घरी फोन लावते. मदर सुपिरिअरना माझ्या नावानं सांगा. नाहीतर मी सांगते.

ललिता साळवे


पुणे, ३० मार्च

प्रिय ललिताबाई,

घाईत लिहिते. शनिवारी फोन करू नका. चारची वेळ आमच्या ध्यानाची, पुढे पवित्र सप्ताह. इथले नियम माझ्या हातात नाहीत. मी आज्ञापालनाचं व्रत घेतलेली बाई आहे, हे तुम्ही समजून घ्याल. साक्षीला माझा आशीर्वाद. तिच्या डोक्यावरून हात फिरवा.

सि. सेराफिना


नाशिक, १३ एप्रिल

सिस्टर,

मी फोन केला. तुम्ही नको म्हणालात म्हणूनच केला, हे तुम्हाला माझा स्वभाव माहीत असल्यानं कळलं असेल.

बूथवर पंखा बंद, बाहेर ट्रकांची रांग, आतल्या माणसाचं लक्ष मीटरकडे. एका सिस्टरनं फोन उचलला. "सेराफिना सिस्टर? थांबा हं, बोलावते." मग पावलं. मग कोणीतरी रिसीव्हर उचलल्याचं कळलं. मी हॅलो म्हटलं, पुन्हा म्हटलं, ओरडले. काही नाही. साक्षीच्या कानाला रिसीव्हर लावला. ती डोळे मिटून ऐकत उभी. काय ऐकत होती देव जाणे, तुमचा. मी काढून घेतला तर लाइनवर नुसती टकटक. या टेलिफोन खात्याच्या लाइनींचं एकदा काहीतरी केलं पाहिजे. का लाइन बरी होती आणि तुम्ही आल्याच नाहीत?

त्या दिवसापासून पोरीनं हसणंही सोडलंय. आधी निदान तोंडावर हात ठेवून, खांदे हलवून हसायची. आता तेही नाही. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसते. ती रुसलीय, सिस्टर. तुमच्यावर. आणि माझ्यावरही, कारण मी तिला बूथपर्यंत नेऊन रिकामी परत आणली.

तोंडी परीक्षा झाली. मी तिच्यासमोर पाठ उघडला. तिनं ओळींवरून बोट फिरवलं, अगदी बरोबर, विरामचिन्हापाशी थांबत थांबत, आवाज न करता. मी गुणपत्रकात काही लिहिलं नाही. सिस्टर लुईझांनी लिहिलं. शून्य काढण्याआधी त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं, हे मी कबूल करते, पण शून्य ते शून्यच.

परवा धनराज आले. टेम्पो दारात उभा करून, इंजिन बंद न करता.

"बाई, बोलकी पोरगी दिली होती तुमच्याकडं."

"हो."

"आमच्या घरात रेडिओ नाय बाई. तीच होती." मग टेम्पोकडे वळले, परत आले. "एक तारखेला निकाल ना? तोवर बोलली तर ठीक. नाय बोलली तर दाखला काढतो. नांदगावला भाऊ हे माझा, त्याच्याकडं ठेवतो. हिथं राहिली तर रोज ही शाळा दिसंल आन् रोज आठवंल."

आता तुम्हीच सांगा, सिस्टर. तुम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, मान्य आहे. या पोरीनंही व्रत घेतलंय. तुमचं मोडत नाही म्हणून तिचं मोडत नाही. फरक इतकाच, तुमच्या व्रतापायी तुम्हाला कोणी नांदगावला पाठवत नाही. उद्या जयंती आहे, आमच्या कॉलनीत निळ्या पताका लागल्यात, पोरं ढोल बडवतायत, आणि मी घरात बसून एका सिस्टरला रागाचं पत्र लिहितेय. हे पत्र उद्या पोस्टात पडणार नाही, सुट्टी. परवा माझा राग उतरला असेल तरी मी ते टाकणार आहे.

जाता जाता: ईस्टर झाला, बश्या परत आल्या. आनंद झाला नाही, याची नोंद घ्यावी.

ललिता साळवे


पुणे, १९ एप्रिल

प्रिय ललिताबाई,

लाइन बरी होती. फोनवर मीच होते. टकटक माझी होती, नखानं. दुसरं काही करता येत नव्हतं.

ऑपरेशनच्या वेळी गळ्यातली एक बारीक नस दुखावली. गाठ गेली, सोबत आवाज गेला. थोडी कुजबुज उरलीय, ती शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचते. परत येईल का म्हणून विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात, आणि खिडकीबाहेर तर आमचं पाण्याचं टाकं आहे.

मुख्याध्यापिका म्हणून मी परत येणार नाही. वरिष्ठांनी ठरवलंय, बरोबरच ठरवलंय. जूनपासून मी हरसूलला, आमच्या वसतिगृहात. मुलींबरोबर राहायचं, भाजीचे वाफे बघायचे. वाफ्यांना हाका माराव्या लागत नाहीत.

तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्हाला कळलं असतं तर तुमच्या चेहऱ्यावरून साक्षीला कळलं असतं. तिनं आवाज दिला आणि तरी माझा आला नाही, हे त्या लेकराला कसं सांगायचं? तुम्ही मला नियमांच्या आड लपणारी बाई समजलात. मला ते सोयीचं होतं. रागावलेली माणसं जास्त प्रश्न विचारत नाहीत, असं वाटलं. तुमच्या बाबतीत तेही चुकलं.

चॅपलमध्ये बसून देवाशी भांडले. हल्ली भांडणही बिनआवाजाचं. पण परवा झुंबरबाईंचं बोलणं तुमच्या पत्रात पुन्हा वाचलं आणि वाटलं, ही म्हातारी मला धर्म शिकवतेय. दिलेलं दिलेलं असतं. बरोबर. मग ज्याला दिलं त्याचं ते होतं, हेही बरोबर. साक्षीनं तिचा आवाज मला दिला. मी घेतला. म्हणजे माझ्या मालकीचा एक चांगला आवाज नाशिकला जिन्याखाली बिनकामाचा बसून आहे, आणि तो कुठे वापरायचा हे आता मी ठरवणार.

निकालाच्या दिवशी मी पायरीवर नसेन. माझा आवाज असेल. एकेकाचं नाव आणि त्याची चांगली गोष्ट. चांगली गोष्ट मला या वर्षी सांगता येणार नाही, मी फेब्रुवारीपासून वर्गात नाही. ती तिनंच शोधायची.

सोबत तिच्यासाठी चिठ्ठी आहे. तुम्ही आधी वाचू नका. वाचालच, तरी सांगते.

तुमची,
सेराफिना


नाशिक, २ मे

प्रिय सिस्टर,

तेरा एप्रिलला लिहिलेल्या पत्राबद्दल मी काय लिहू? लिहीत नाही. तुम्ही समजून घ्यालच, आणि समजून घेताना हसालही, टाके आता भरले असतील.

चिठ्ठी मी वाचली नाही. उजेडासमोर धरून पाहिली, कागद जाड होता.

साक्षीनं ती जिन्याखाली बसून वाचली. मला वाटलं, आता रडेल. तिनं पाटीवर लिहिलं, 'मला माहीत होतं. फोनवर नुसता श्वास होता.' पुसलं. मग लिहिलं, 'नवस कमी पडला म्हणून मी हसणं पण दिलं.'

सिस्टर, मी तुम्हाला लिहिलं होतं की ती रुसलीय. माझ्या नोकरीत मुलांची मनं ओळखण्याबद्दल पगार मिळतो.

मी म्हटलं, आता सिस्टरांनी सांगितलंय, बोल. तिनं मान हलवली. पाटीवर: 'आवाज सिस्टरांचा. त्यांचं काम करीन. पण देवाला सांगितलं होतं, सिस्टर बोलेपर्यंत. ते राहिलेलं कोण करणार?' आता हा प्रश्न तुमच्या धर्मातला की झुंबरबाईंच्या, मला कळेना. माझ्यातला तर नव्हताच. तिला घेऊन सरळ आजीकडे गेले. म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं, एक खडा काढून फेकला.

"राहिलेलं दुसऱ्यानं केलं तर चालतं. माझ्या सासूचा नवस म्या फेडला. पर मोठ्या मान्सानं करावं लागतं. आन् त्याला जड जाईल असंच करावं लागतं, नायतर देव धरीत नाय."

"मग मी करते," मी म्हटलं.

"तुमी? गप बसनार?" सिस्टर, ती इतकी हसली की सुपातले तांदूळ उडाले. शेजारणीला हाक मारून सांगितलं. शेजारीण पण हसली, तिचा मुलगा माझ्या हाताखालून गेलाय. "बरं. एक दिस. सूर्य उगवल्यापास्नं दिवा लागंस्तोवर. शाळंच्या दिशी, घरात दार लावून नाय. तेवढ्यानं जमलं तर म्या देवीला सांगते का पोचलं म्हून."

साक्षीनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या हातात धरला, जसं बाजारात सौदा ठरल्यावर धरतात तसा.

काल निकाल. झेंडावंदन झालं, पालक पटांगणात, शिपाई सुलाबाईंनी घंटा दिली. धनराज फाटकापाशी उभे, खिशातून दाखल्याच्या अर्जाचं टोक बाहेर. मी सिस्टर लुईझांना सकाळीच सगळं सांगितलं होतं. त्या नेहमीसारखं, "नियमात बसतं का बघावं लागेल," म्हणाल्या, आणि मग स्वतःच पायरीवर स्टूल आणून ठेवलं.

साक्षी स्टुलावर चढली. पहिलं प्रगतिपुस्तक उघडलं. तोंड उघडलं, आणि आतून आला तो आवाज म्हणजे गंजलेल्या नळाची पहिली धार. सगळे हसले. तिनं घसा खाकरला, तुम्ही खाकरायच्या तसा, अगदी तसाच, बोट वर करून.

"राकेश लहानू पवार. राकेशनं वर्षभर नळ बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं."

राकेशनं मान खाली घातली. मग राकेशच्या आईनं टाळी वाजवली.

"मयूर बोरस्ते. रंगपंचमीला मी बुडाल्यावर हाच रडला. त्यानंच ढकललं होतं."

सिस्टर, ती थांबेचना. जवळजवळ दोन महिने न बोलता ही पोरगी सगळ्यांकडे नुसती बघत होती. कोण आपल्या डब्यातली भाजी दुसऱ्याला देऊन स्वतः कोरडी पोळी खातो, कोण मारामारी सोडवायला जाऊन जास्त मार खातो, सगळं तिच्याकडे साठलं होतं. एकही आगाऊ वाक्य नाही, एकही खोटं नाही. मुलं रांगेत पुढे सरकत होती, आपलं काय सांगणार म्हणून कान लावून. मी अशी रांग आयुष्यात बघितली नाही.

मुलं संपली तरी ती स्टुलावरून उतरली नाही.

"ललिताबाई. बाई रागावायच्या आधी चष्मा काढतात. म्हणून आपल्याला पळायला वेळ मिळतो." पालक हसले. मी हसले नाही, हसले असते तर चष्मा काढावा लागला असता.

"सिस्टर लुईझा. सुलाबाईंचं मनगट दुखतं म्हणून शिक्षकांच्या कपबश्या शाळा सुटल्यावर सिस्टर लुईझा धुतात. उपवासकाळात त्या चॅपलला पण जायच्या, मग बश्या धुवायला वेळ राहायचा नाही. मी जिन्याखालून बघितलं."

सिस्टर लुईझा इतक्या लाल झाल्या की मला वाटलं, पडतात. तुम्हाला हे माहीत होतं का? तुम्ही लिहिलं होतंत, रागावू नका म्हणून. मी तेव्हा ते तुमच्या चांगुलपणावर घातलं.

शेवटी साक्षी म्हणाली, "सिस्टर सेराफिना. सिस्टरांनी माझा आवाज घेतला." आणि उतरली.

सिस्टर लुईझांनी टेबलावरचं गुणपत्रक ओढलं, शून्यावर रेघ मारली, सही केली आणि नवीन गुण लिहिले. मी मागून वाकून विचारलं, "नियमात बसतं?" त्या म्हणाल्या, "तोंडी परीक्षा ही. तोंडीच झाली ना?" ही बाई मला हळूहळू आवडायला लागणार असं दिसतंय. अवघड आहे.

धनराज फाटकातून आत आले. पोरीला उचललं, एवढी मोठी झाली तरी उचललं. ती त्यांच्या कानात बोलत सुटली आणि फाटकाबाहेर टेम्पोपर्यंत तिची बडबड मला ऐकू येत होती. अर्ज ते पायरीवर विसरून गेले. सुलाबाईंनी त्यावर शेंगदाणे घेतले.

हसणं तिनं परत घेतलं का, ते अजून कळायचंय. काल हसली नाही. तुम्हीच त्याचं काहीतरी करा. सुट्टीत तिला घेऊन हरसूलला येते, तुम्ही तिथे पोचलात की. बाजाराच्या दिवशी बस भरून येते म्हणतात, उभ्यानं येऊ.

तुमची,
ललिता


नाशिक, ५ मे

प्रिय सिस्टर,

आज माझा दिवस आहे, म्हणून लिहितेय. बोलता आलं असतं तर लिहिलं नसतं.

निकालानंतरची कागदपत्रं असतात, सगळे शिक्षक शाळेत. सकाळी सूर्य उगवायच्या आत मी घरच्यांना जे काय सांगायचं ते सांगून घेतलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि मग दिवसभराचा विचार करून त्यांचे चेहरे उजळले. ते मी लक्षात ठेवलंय.

शाळेत आधी बाकीच्या शिक्षकांना वाटलं, मला दाढदुखी आहे. मग वाटलं, रागावलेय. नव्या परिपत्रकावर सगळ्यांनी तावातावानं चर्चा केली, चुकीची. मी गप्प बसले. एकजण भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून सुट्ट्यांचा हिशेब चुकीचा सांगत होता. गप्प बसले. मी बोलत नाही म्हणून ते काय काय बोलतात, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल होतं, आणि सगळंच वाईट नव्हतं.

दुपारी साक्षी फाटकातून डोकावली. मला तपासायला आली होती. मला विचारलं, "बाई, बोलता का?" मी पाटीवर लिहिलं, 'नाही.' तिनं पाटी हातात घेतली, नीट वाचली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मला जांभई आली होती आणि मी ती आवाज न करता द्यायचा प्रयत्न करत होते, त्यात माझे गाल फुगले असावेत. ती हसली. मोठ्यानं. पायरीवर बसून हसली. एवढं कळवायचं होतं.

कार्डावर मीही एक गोष्ट लिहिली होती, तुम्ही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. आठवडा नाही जमला, एक दिवस जमला. देव धरतो का, ते झुंबरबाईंना विचारा.

शेवटचा चहा झाला. मी बशीत ओतला आणि प्यायले, ओठांनी आवाज न करता, जे मी लग्नातही कधी केलं नाही. सगळे गेले. सिस्टर लुईझा कपबश्या गोळा करायला लागल्या. मी त्यांच्या हातातून ट्रे काढून घेतला. त्या काहीतरी म्हणाल्या, मला उत्तर देता येत नव्हतं. मी बाहेरच्या नळावर जाऊन त्या धुतल्या, पालथ्या घातल्या आणि नळ बंद केला.

ललिता